हळद लागलेलं व्हिएन्नाचं कार्ड

लांज्याचा शिरीष पांचाळ एकोणीस वर्षं मस्कतच्या अल खौदमध्ये फ्रेमा बनवत होता आणि या एकोणीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्याला नाव विचारलं नव्हतं. 'या सदीक', म्हणजे 'अरे दोस्ता', म्हणत यायचे, 'खलास?' विचारून न्यायचे. पाटीवर नाव ओमानी मालकाचं, अर्बाबचं, बिलावर नाव अर्बाबचं. युनिव्हर्सिटी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पदव्यांची सर्टिफिकिटं तर त्याने पोत्याने फ्रेम केली असतील. सगळी दुसऱ्यांची नावं, सोनेरी पट्टीत. याचं नाव म्हणाल तर रेसिडंट कार्डावर आणि बायकोच्या तोंडी. बायको 'अहो' म्हणते, म्हणजे तिथेही बोंबच.

तर अशा माणसाकडे डॉक्टर रय्या आली. दवापाण्याची डॉक्टर नव्हे, इतिहास शिकवणारी. मूळ सूर बंदराची. तिच्या पणजोबांची गलबतं झांझिबारला जायची आणि तिथे ओळख झालेला एक व्हिएन्नाचा लवंगवाला त्यांना कार्डं पाठवायचा. तीच अकरा पोस्टकार्डं ती फ्रेम करायला डब्यात घालून घेऊन आली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या काही चित्रकारांनी मिळून एक कारखाना काढला होता म्हणे. चमचा असो की खुर्ची, सगळं देखणंच पाहिजे असा त्यांचा हट्ट, मग पोस्टकार्ड तरी का सुटेल? भल्याभल्या चित्रकारांना बसवून त्यांनी कार्डं काढून घेतली. कारखान्याचं नाव रय्याने दोनदा सांगितलं, शिरीषने दोनदा मान हलवली. जीभ वळली नाही ती नाहीच.

"युनिव्हर्सिटीत प्रदर्शन आहे," रय्या हिंदीत म्हणाली. "भिंतीवर पाटी लागेल. मांडणी कुणाची, तेही लिहिणार. तुझं नाव काय?"

शिरीषला क्षणभर आपलंच नाव आठवेना. मग त्याने ते स्पेलिंगसकट सांगितलं, वर रेसिडंट कार्डाचा फोटोही पाठवला, उगाच घोटाळा नको. त्या दिवसापासून गड्याला दुसरं काही सुचेना. शेजारच्या दुकानात अबाया शिवणारा राजापूरचा जहूर होता, त्याला तर वीट आला. "मेल्या, नाव लागतंय, पुतळा नाय," तो म्हणायचा.

आणि नेमका त्याच आठवड्यात दुकानाचा एसी गचकला. बाहेर शेचाळीस डिग्री. एवढ्या उष्म्यात जुना कागद पापडासारखा वळतो, हे शिरीषला पक्कं ठाऊक, म्हणून त्याने डबा उचलला आणि सरळ घरी नेऊन कपाटात ठेवला. बायकोला बजावलं, "वसू, याला हात लावायचा नाही." आता बायकोला असं सांगणं म्हणजे आमंत्रणच की! पण ते त्याला कळलं असतं तर ही गोष्ट कशाला झाली असती?

वसुंधराने चौथ्या दिवशी सकाळी न्हाऊन, देवपूजा आटपून, ओल्या हातानेच डबा उघडला. नुसतं बघायला, हो. दहा कार्डं बघून झाली. अकराव्या कार्डावर पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली, टोपलीएवढी टोपी मिरवणारी एक बया कुत्र्याला फिरवत होती. आणि त्या कार्डाचा वरचा एक कोपरा फाटलेला!

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे काय, हे गावाकडे कुणाला सांगावं लागत नाही. कुणीतरी गेल्याची खबर. तिच्या माहेरी असलं कार्ड वाचून झालं की उंबऱ्याबाहेरच फाडायचे, घरात ठेवायची कुणाची टापच नव्हती. आणि इथे नवऱ्याचं नाव पहिल्यांदा भिंतीवर लागायचं, आणि हे अभद्र कपाटात चार दिवस! फाडावं तर नवरा घराबाहेर काढेल. तिने शहाण्या बाईला सुचेल तोच उपाय केला. फाटक्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावून अशुभाचं शुभ करून टाकलं. आणि अर्धवट करायचं नसतं म्हणून उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांनाही लावलं. फ्रिजला लावलं होतं, यारिस गाडीला लावलं होतं, मग त्या बयेने काय घोडं मारलं होतं?

दुपारी शिरीषने डबा उघडला आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"अगं, हे काय करून ठेवलंस! शंभर वर्षांचं कार्ड आहे ते!"

"म्हणूनच म्हटलं, इतकी वर्षं कुणालाच कसं सुचलं नाही," वसुंधरा म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिचाही उतरला. "उन्हात ठेवा ना. हळद उडते उन्हात. आणि इथलं ऊन म्हणजे काय विचारता, तासात जाईल."

"आणि त्याबरोबर त्या झग्याचा लालही जाईल! मग टोपीसकट कोरं कार्ड देऊ का तिला?"

ती रडायला लागली. याला तिच्यावर ओरडायचंही होतं आणि तिला जवळही घ्यायचं होतं. त्याने दोन्हीतलं काहीच केलं नाही. तो डबा घेऊन दुकानात आला, एसी एकदाचा सुरू झाला होता, आणि त्याने जहूरला सगळं सांगितलं.

"मग त्यात काय? माऊंट रुंद काप," जहूर म्हणाला. "कोपरं पुठ्ठ्याखाली गेलं की खलास. तू काय पहिल्यांदा करतोस?"

खरंच, पहिल्यांदा कुठे? वाकडी छापलेली सर्टिफिकिटं, तेलाचे डाग, कुणाच्या फोटोतला नको असलेला मेहुणा, सगळं त्याने त्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली गाडलं होतं. शिरीषने माऊंट कापला. चारी बाजूंनी जरा रुंद, कड तिरकी, सुरी एकदाही न अडखळता. बयेच्या बुटाचं टोक तेवढं गेलं. फ्रेम अशी बसली की दृष्ट लागावी. वर रय्याचा मेसेज आला, पाटीचा नमुना: 'मांडणी आणि चौकटी: शिरीष पांचाळ'. त्याने तो वीस वेळा तरी उघडला असेल. आणि दर वेळी त्याला ते नाव वाचून झाल्यावर बुटाचं टोक दिसायचं.

एकोणीस वर्षं लपवलं तेव्हा काही वाटलं नाही, कारण नाव अर्बाबचं होतं. आता नाव त्याचं होतं, तर मेलं लपवताच येईना. असला वैताग! ज्या नावासाठी जीव टाकला, त्याच नावाने त्याचा गळा धरला. त्याने फ्रेम उघडली, कार्ड काढलं आणि रय्याच्या ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवलं.

रय्याने हातमोजे घातले. कार्ड उलटसुलट करून पाहिलं. शिरीषच्या पाठीवरून घामाची धार चालली होती, आणि तिथला एसी तर फर्स्टक्लास होता.

"कुणी केलं?"

"मी."

"हे बोट बाईचं आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. फाटका कोपरा, मेल्याची खबर, हळद-कुंकू, सगळं.

"कोपरा माझ्या काकाने फाडला," रय्या म्हणाली. "लहान होता. मागच्या तिकिटासाठी. म्हातारा अजून ठणठणीत आहे." ती हसली, पण पुढचं बोलताना हसू मावळलं होतं. "तू सांगितलंस, बरं केलंस. पण कार्ड घरी नेलंस. विचारलं नाहीस. हे मला युनिव्हर्सिटीला लिहून द्यावं लागेल, आणि मग पाटीवर तुझं नाव ठेवता येणार नाही. समजतंय ना?"

"हो मॅडम," शिरीष म्हणाला. समजत होतं. म्हणून लागायचं थोडंच राहतं?

"आणि डाग झाकू नकोस. माझ्या पणजोबांच्या चहाचा डाग आहे, काकाचा उपद्व्याप आहे, आता हाही. प्रत्येकाखाली चिठ्ठी लावणार आहे मी. बायकोचं रेसिडंट कार्ड पाठव. नाव बरोबर पाहिजे."

त्याने नवा माऊंट कापला, खिडकी या वेळी कार्डापेक्षा मोठी. चारी कोपरे उघडे, बूटही अख्खा.

उद्घाटनाला वसुंधरा पैठणी नेसून आली, पण दारातच अडली. "मी नाही येत आत. माझ्यामुळे तुमचं नाव गेलं." त्याने तिचा हात धरून ओढतच आत नेलं. बयेपुढे ही गर्दी! लोक चारी कोपऱ्यांकडे बोट दाखवत होते. खाली चिठ्ठी होती, अरबीत आणि इंग्रजीत, नाव रेसिडंट कार्डावरून जसंच्या तसं उतरवलेलं: 'हळद आणि कुंकू. वसुंधरा शिरीष पांचाळ, अल खौद.'

शिरीषने ती वाचली. पुन्हा वाचली. बायकोचं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये अंग चोरून उभा होता तो, पण भिंतीवर होता.

"ही वसुंधरा कोण?" एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाने मोडक्या हिंदीत विचारलं.

"ही," शिरीष म्हणाला. वसुंधरा पदराआड लपायला लागली.

"माशाल्ला. आणि तू कोण?"

शिरीषने घसा साफ केला. काचेला बोट लागणार नाही अशा बेताने त्याने चिठ्ठीकडे बोट नेलं.

"ते मधलं नाव आहे ना," तो म्हणाला, "तो मी."