वार्निश लावलेला तुंबा

मी एक जुना तुंबा आहे. मित्रांनो, तुंबा म्हणजे वेलीवरच पिकवून, वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा. गोजराच्या आईने मला कोरलं, चुलीची राख भरली, त्या राखेत शिराळ्याचं, म्हणजे दोडक्याचं, बी घातलं आणि लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर नेरूळ गावात पाठवलं.

दर वैशाखात गोजरा मला खुंटीवरून उतरवी. बी सुपात पसरी, पोचट वेचून टाकी आणि कोळशाने अंगणात रेघा मारून वेलांच्या मांडवाची जागा ठरवी. बी मागायला शेजारणी येत, तेव्हा माझंही कौतुक होई. पुढे शेतं शहरात गेली. अंगणावर चार मजले चढले. तरी तिने गच्चीवर पिंपं मांडून वेल चढवले.

मागच्या वैशाखात मला उतरवताना ती स्टुलावरून पडली. मांडीचं हाड मोडलं, लावणी राहिली. बी एक वर्ष जुनं झालं. यंदा मातीत गेलं नाही तर ते रुजायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून काठी टेकत ती गच्चीवर गेली, खडूने पिंपांच्या जागा आखल्या आणि मला शोधत खाली आली.

मी हॉलमध्ये होतो. तिच्या मुलाने, हितेशने, मला वार्निशचे दोन हात मारून, तोंड गोंदाने बंद करून छताच्या हुकाला टांगलं होतं.

"राख सोफ्यावर सांडत होती, आय."

"त्यान बी हाय."

"पाकिटं आणतो ना मी. टेन्शन कशाला घेतेस?"

"पाकिटान माजे आयशीची शिराली हाय का?"

सून मनस्वी हसली. "आई, पाहुणे त्याच्याखाली फोटो काढतात. तुमच्या माहेरचीच इज्जत वाढली ना?"

"उतरव त्याला."

"पॉलिश जाईल. पावसाळा संपला की बघू," हितेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर वॉटरप्रूफिंगवाले आले. पिंपं भंगारात गेली. खडूच्या रेघांवर डांबर बसलं.

गोजरा रोज दुपारी कोयती घेऊन माझ्याखाली उभी राहते. हात पोचत नाही. ती पुन्हा पडेल म्हणून स्टूल कुलपात ठेवलंय.

येणारे म्हणतात, किती छान जपलाय. मित्रांनो, मला जपू नका. ज्याचा हात पोचेल त्याने मला खाली काढून फोडावं. मी नुसतं टरफल आहे. पण याच महिन्यात फोडा. पुढच्या वर्षी फोडलंत, तर आतून फक्त राख सांडेल.