आमचं पार्सल

डॉक्टरीणबाईंनी सकाळी स्पष्टच सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत लंगोट ओला झाला नाही, तर बाळाला घेऊन या, सलाईन लावावं लागेल. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचा जीव त्या एका लंगोटात अडकला होता. हसू नका, तशी वेळ आली की भलेभले दिवसभर लंगोट चाचपत बसतात.

बरं, दूध नव्हतं असंही नाही. दुधाने आईची छाती दगडासारखी टणक झाली होती, ठणकत होती. पण बाळ छातीशी धरलं की जेमतेम ओठ किलकिले करायचं, टोकाला हिरड्यांनी असं चावायचं की आईच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं, आणि घोटभर गेलं-न गेलं की महाराज झोपी. तळपाय चोळा, गालाला ओलं बोट लावा, ढिम्म हलायचं नाही. सासूबाई दोनदा म्हणाल्या की वरचं दूध देऊन बघू, आणि दोन्ही वेळा सून त्यांच्यावर खेकसली. मग आपणच वाईट, आपल्याला साधं लेकराला पाजता येत नाही, म्हणून तोंड फिरवून रडली.

घर होतं काचसामान बांधणाऱ्यांचं. खाली काम, वर बिऱ्हाड. पेले, आरसे, झुंबरं इथे कागदात-कापडात अशी गुंडाळली जायची की खोकं जिन्यावरून गडगडत गेलं तरी आत ओरखडा उठू नये. बाळाच्या बापाचा त्यात हातखंडा. मग लेक हातात आल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? हात आत, पाय सरळ, कापडाचं एक टोक खांद्याखालून, दुसरं पाठीमागून, मानेपर्यंत गच्च. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, आमचं पार्सल. बाळ त्यात इतकं शांत निजायचं की बघणाऱ्याने बापाची पाठ थोपटावी.

ऊन उतरायला लागलं तसं सासूबाईंनी दवाखान्यासाठी पिशवी भरली. बाळाचे सगळे कोरडे कपडे तिच्यात गेले. नवरा गाडी बोलवायला खाली गेला. शेवटचा प्रयत्न म्हणून आईने वाटीत थोडं दूध पिळलं, चमचा बाळाच्या ओठाला लावायला वाकली, आणि कोपर लागून वाटीच कलंडली. सगळं दूध त्या कापडावर.

आता ओल्यात कसं ठेवायचं? तिने कापड सोडलं. बांधणीसुद्धा धंद्यातली, सुटता सुटेना. दूध आतल्या लंगोटापर्यंत झिरपलं होतं, तोही काढला. हाताशी दुसरं काही नव्हतं, भरलेली पिशवी दाराशी होती; बाळ गारठेल म्हणून तिने आपल्याच गाऊनची बटणं काढली, उघडं बाळ उघड्या छातीवर पालथं टाकलं आणि वरून शाल ओढली. म्हटलं, कोणी कपडे आणून देईपर्यंत राहील असं.

आणि बाळ हललं.

आधी मुठी उघडल्या. मग पायाने तिच्या पोटाला रेटा देत ते वर सरकलं, डोकं उचलून आपटलं, पुन्हा उचललं. नुकतंच दूध काढल्याने छाती जरा मऊ पडली होती. बाळाने हनुवटी टेकवली, जांभई द्यावी तसा मोठा आ केला आणि तोंडभरून धरलं. पहिल्या ओढीला तिने गादी मुठीत आवळली. मग दुखणं ओसरलं, आणि गिळण्याचा बारीकसा आवाज यायला लागला.

तेव्हा तिला आठवलं. जन्मल्या जन्मल्या नर्सने त्याला असंच उघडं तिच्या अंगावर ठेवलं होतं, आणि तेव्हा तो प्याला होता. मग त्याचा बाप आला होता, कापड घेऊन.

तोच आता दारात उभा होता. गाडी आली आहे म्हणाला, ओलं कापड पाहिलं, पिशवीतून कोरडं काढलं आणि सवयीने त्याचा कोपरा दुमडत पुढे आला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "तो काच नाही."

त्याचा चेहरा पडला. त्याने बाळाच्या मोकळ्या, तिला कुरवाळणाऱ्या हातांकडे बघितलं. "फुटू नये म्हणून बांधत होतो गं," एवढंच म्हणाला.

"माहीत आहे मला."

खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला. सासूबाई हळूच म्हणाल्या की प्यायला ते छानच झालं, पण डॉक्टरीणबाई लंगोटाचं म्हणाल्या होत्या, निघायला हवं. खरंच होतं ते. घरात दिवे लागले होते. सून म्हणाली, एवढी बाजू पिऊन होऊ द्या, मग निघू. बाळ दुसऱ्या बाजूलाही लागलं. पुन्हा हॉर्न वाजला. नवऱ्याने पिशवी उचलली, आणि ती उठायला म्हणून बाळाच्या पाठीला हात लावते, तो तिच्या पोटावरून काहीतरी कोमट कोमट ओघळलं. दूधच सांडलं असेल म्हणून तिने शाल बाजूला केली.

दूध नव्हतं.

सासूबाई पदरात तोंड घालून रडायलाच लागल्या. मग स्वतःच खिडकीशी गेल्या आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, जा बाबा तू. मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पाजत राहा, उद्या दाखवायला आणा, असं त्या म्हणाल्या.

नवरा अजून ते कोरडं कापड धरून उभाच होता. तिने ते त्याच्या हातातून मागून घेतलं आणि आपलं पोट पुसलं.