हात लावू नये

मी मार खाण्यासाठीच जन्माला आले आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मनीषनगरच्या बॉक्सिंग क्लबातली बॅग बोलतेय मी.

कामठीच्या एका शिंप्यानं मला जाड कॅनव्हासची शिवली. पोटात यंत्रमागावरच्या चिंध्या भरल्या, वरून दोरी आवळली आणि दुर्गेशसरांनी मला साखळीनं छताला टांगलं. ठोसे खाऊन खाऊन माझ्या आतलं सगळं खाली बसतं. तळाचा दगड होतो आणि वरचं अंग पोकळ पडतं. म्हणून दर खंडेनवमीला माझी दोरी सोडायची, चिंध्या हातानं मोकळ्या करायच्या, पोरींनी घरून आणलेले जुने कपडे वरून भरायचे आणि मग हळदकुंकू वाहायचं, अशी आमच्याकडची रीत. कुणाच्या बाबाचा शर्ट, कुणाच्या आजीचं लुगडं. इतक्या घरांची ऊब पोटात घेऊन मी लटकत होते.

ही रीत दीपमालाची. ती माझ्यावरच शिकली आणि देशासाठी पदकं आणू लागली. तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. आया पोरींना दंडाला धरून आणत. "सर, हिलेबी दीपमाला करून द्या!" जसं काही ब्लाउज शिवायला टाकलंय.

मग दीपमाला निवृत्त झाली. सत्कार झाला. ती मला मिठी मारून रडली, सगळ्यांनी फोटो काढले. त्यानंतर पोरी गळू लागल्या. "आता कोन पाह्यते बॉक्सिंग?" म्हणत आयांनी ग्लोव्हज माळ्यावर टाकले. त्या खंडेनवमीला सरांनी आपल्या गाडीला हार घातला आणि माझ्याकडे न बघताच गेले.

उरली एकटी मिनल. तिला दीपमाला व्हायचं नव्हतं, तिला बॉक्सिंग आवडायचं. राज्याच्या संघाची निवड चाचणी जवळ आली होती. तिची आई प्रेमिला कोराडीच्या देवीला बोलली होती, पोरगी संघात जाईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. मे महिन्याच्या डांबरावरून ती अनवाणी यायची आणि दारात बसून तळव्यांना खोबरेल चोळायची.

"काकू, कायले पाय भाजून राहिल्या? देवी काय पंच आहे काय?" सर हसायचे.

"पंचाले चष्मा लागते सर, देवीले नाही लागत."

एकदा मिनल म्हणाली, "सर, बॅग खालून लई टणक झाली. सोडून भरू का?"

"हॉल देऊन टाकून राहिलो मी. आता तिले भरून काय लोणचं घालतं? मार तशीच."

चाचणीत पोटावरचे ठोसे लागतात. मिनल वाकली आणि तिनं सगळं अंग लावून माझ्या तळावर उजवा हात मारला. कडकन आवाज झाला. मी कॅनव्हासची, माझ्यातून असा आवाज येत नाही. तो तिच्या मनगटाचा होता.

"इतक्या खाली मार म्हटलं होतं काय म्या?" सर एवढंच बोलले. चाचणी झाली तेव्हा मिनल प्लास्टरमधला हात घेऊन घरी बसली होती. प्रेमिलाच्या चपला खाटेखालीच राहिल्या.

हॉलचं आता क्रिकेटचं टर्फ झालंय. फीत कापायला दीपमाला आली. त्यासाठी मला सोनेरी रंग फासून, वर तिचं नाव लिहून फाटकाशी टांगलं आणि खाली पाटी लावली, 'हात लावू नये'. मिनल प्लास्टर सांभाळत पुढे झाली. "ताई, मले शिकवाल?"

दीपमालानं तिचा गाल थोपटला. "आता या खेळात काय राह्यलं वं? पोलीस भरतीचं पाह्य." मग माझ्यावर ठोसा रोखून तिनं फोटो काढला. ठोसा टेकवला नाही. रंग ओला होता.

परवा खंडेनवमी झाली. प्रेमिला आली, अनवाणीच. हातात हळदकुंकू आणि जुनं पातळ. सोबत मिनल, प्लास्टर निघालेलं, मनगट अजून बारीक. प्रेमिलानं फाटकावरच्या चौकीदाराला विनवलं,

"दोरी सोडू द्या गा दादा. आतून दगड झाली बिचारी."

"मावशी, बोर्ड वाचता येत नाही काय? चला, हटा."

प्रेमिलानं तरी बोट लांब करून मला कुंकू लावलं आणि पातळ माझ्याखाली ठेवलं. निघता निघता मिनल वळली. डाव्या हातानं माझ्या वरच्या पोकळ अंगावर तिनं एक ठोसा हाणला. सोनेरी पापुद्रा तडकला. चौकीदार ओरडत धावला.

"चाल वं," प्रेमिला म्हणाली, "पाय पोळून राह्यले. डावाबी चांगला बसते तुया."

दुसऱ्या दिवशी चौकीदारानं माझं कुंकू पुसलं, त्याच पातळानं. तडा मात्र पुसला गेला नाही. त्यातून माझा जुना कॅनव्हास दिसतो. बायांनो, कुणी माझी पूजा करायला याल तर फूल नसलं तरी चालेल. आधी माझी दोरी सोडा, आतलं मोकळं करा, मग पोरीला माझ्यापुढे उभी करा. सोनं होऊन लटकण्यापेक्षा मला मार बरा वाटतो. आणि त्या बाईच्या चपला अजून खाटेखालीच आहेत.