टूनगॅबीचा कावळा, माल्टाचा मासा

यतीन गेला तरी सुनीतीच्या घरात दुपारी माशाचा वास येई. परदेशात, टूनगॅबीतल्या त्या घरात मासा कधी शिजलाच नव्हता. सुनीती पक्की शाकाहारी, लग्न ठरतानाच तिने अट घातलेली. म्हणून यतीन मागच्या अंगणात बार्बेक्यूवर मासे भाजायचा आणि तिथेच एकटा बसून जेवायचा. आता तो बार्बेक्यू थंडगार, झाकून ठेवलेला. तरीही वास यायचा. ती धडाधड खिडक्या उघडायची.

वास का येतो, हे तिला ठाऊक होतं. दहाव्याला पार्कात पिंड ठेवला तेव्हा कुंपणावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. यतीनचं शेवटचं, राहून गेलेलं खूळ म्हणजे माल्टाची सहल. शेजारचा चार्ली मूळचा तिथलाच. माल्टात मासे कुठे खायचे यावर दोघं कुंपणाशी उभे राहून तासन्‌तास खल करत. दारात फोटोवाला मेनू टांगलेल्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही. सकाळी धक्क्यावर जाऊन होडीतून काय उतरलं ते बघायचं आणि दुपारी मागच्या गल्लीत, जिथे कोळ्यांचीच बायकापोरं जेवतात, तिथे बसायचं. कावळे उतरेनात तेव्हा लेकीने, रुचाने, पिंडापुढे हात जोडले.

"बाबा, प्रॉमिस. मी माल्टाला जाईन, तुझ्या नावाने मासा खाईन."

कावळे ढिम्म. पार्कच्या बुकिंगची वेळ संपत आली तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि काम उरकलं. यतीन मात्र काही हलला नव्हता. आपल्या माणसाचा जीव अडकलाय आणि आपल्याला तो सोडवता येत नाही, या विचाराने सुनीती खंगत चालली होती.

एका रविवारी रुचा खरोखरच तिकिटं काढायला बसली. तिथे तू काय खाशील, व्हेज मिळणं tricky आहे, असं तिने आईला विचारलं. सुनीती सवयीने म्हणाली, तुम्ही जा मासे खायला, मी रूमवर कुकरमध्ये वरणभात लावीन.

म्हणाली आणि तिला एकदम आठवलं. यतीनलाही ती हेच म्हणाली होती. त्यावर तो हळूच म्हणाला होता, "मासा नको खाऊस गं. नुसती समोर बस."

आणि ती हसली होती.

रुचाने कावळ्याला मासा कबूल केला होता. यतीनने तो मागितला कधी होता?

दुसऱ्या दिवशी तिने चार्लीकडून मासा साफ करून आणवला. नाकाला ओढणी बांधून तो बार्बेक्यूवर भाजला. एक बाजू करपलीच. अंगणातल्या टेबलावर यतीनचं ताट मांडलं, समोर आपला वरणभात घेऊन बसली.

"बसलेय रे. जेव आता," ती म्हणाली.

कुंपणावरचा कावळा सरळ टेबलावर उतरला. त्याने चोचभर मासा घेतला, तिच्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि उडाला. सुनीती रडत रडत पूर्ण जेवली.

त्यानंतरच्या दुपारी वास आला नाही. तिने खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं, बराच वेळ वाट पाहिली. मग अंगणात जाऊन ती यतीनच्या खुर्चीत बसली. समोरची खुर्ची रिकामी होती. इतकी वर्षं जेवताना त्याला हेच दिसत होतं.