कळीची मागची बाजू

लेम्पी कोस्कीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. डब्यात कागद-पुठ्ठ्याची एकेचाळीस पानं-फुलं असायला हवी होती. होती फक्त एक चिठ्ठी, तीही तिच्याच अक्षरात: ‘डेल्फीन बोल्यू यांच्या आईचे नमुने. शनिवारी परत.’ आज शुक्रवार होता.

तिने डबा पालथा केला, जणू एकेचाळीस तुकडे झाकणाला चिकटून बसले असतील. मग कपाट उपसलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, स्वतःच्या एप्रनचे खिसे दोनदा तपासले. व्यवस्थित माणसाची वस्तू हरवली की त्याचे फार हाल होतात. गबाळ्याला निदान शोधायची सवय असते. लेम्पीला ती नव्हती.

सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या या जुन्या शाळेत कलावंत तीन-तीन महिने राहायला येत, काम करत आणि निघून जात. कलानिवासाला ग्रंथालय होतं म्हणायला. देणगीदारांनी दिलेली चार-चार किलोची चित्रांची पुस्तकं. ती उघडायला टेबल लागायचं आणि परत जागेवर ठेवायला दुसरा माणूस. लेम्पी धंद्याने पुस्तकबांधणीवाली. सप्टेंबरात ती आली आणि म्हणाली, हे कसलं ग्रंथालय, हे तर वजनकाट्याचं दुकान. सगळ्यांचं मिळून एक ग्रंथालय करू. प्रत्येकाने असं काहीतरी ठेवायचं जे काम करताना खरोखर हातात असतं. मग कुंभारणीने रंग देऊन भाजलेल्या मातीचे तुकडे दोरीत ओवून दिले. रंगाऱ्याने डाग पडलेली वही दिली. शेल्फं भरायला लागली आणि लेम्पीची मान ताठ झाली.

डेल्फीन बोल्यू उन्हाळ्यात इथे राहून गेली होती. चाळीस मैलांवरच्या, ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या वस्तीतली, मण्यांचं भरतकाम करणारी. मणी टाचण्याआधी फुलाचा आकार कागदात कापतात, मखमलीवर ठेवून कडेने रेघ ओढतात. तिच्या आईने असे आकार नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यांतून, किराण्याच्या तपकिरी पिशव्यांतून जन्मभर कापले होते. ते मागायला लेम्पी तीनदा तिच्या घरी गेली. डेल्फीनची थोरली बहीण व्हर्ना तिन्ही वेळा स्वयंपाकघरातूनच ओरडली होती, “संग्रहालयांच्या काचेच्या कपाटात गेलेलं आमचं काही परत आलेलं नाही. तिला चहा दे आणि पाठव.”

तिसऱ्या वेळी डेल्फीनने डबा दिला होता. “एक महिना. आकार कागदावर उतरवून घे आणि परत कर. व्हर्ना मला घरात घेणार नाही नाहीतर.”

“माझ्या जिवावर,” लेम्पी म्हणाली होती. माणूस असं बोलून जातो तेव्हा जीव स्वस्त वाटत असतो.

आता ती टेबलापाशी उभी राहून कालचा दिवस मागे-मागे आठवू लागली. सगळे आकार पातळ कागदावर उतरवून झाले. तुकडे वाकडे झाले होते, म्हणून तिने ते रद्दी कागदांच्या मधे घालून फळ्यांखाली दाबून ठेवले. बांधणीवाल्याचा हात दुसरं काही करूच शकत नाही. वाकडं दिसलं की दाब. संध्याकाळी फळ्या काढल्या आणि रद्दी...

रद्दी तिने स्वतःच्या हाताने उचलून ऑर्विलला नेऊन दिली होती.

लेम्पी पायऱ्यांवरून धावली. धावताना तिच्या लक्षात आलं की खालून, होड्यांच्या शेडमधून, यंत्राची घरघर येते आहे.

ऑर्विल टँगेन हा चौऱ्याहत्तर वर्षांचा कागद करणारा गृहस्थ. ग्रंथालयातली फाटकी, भिजकी, कुजकी पानं त्याच्याकडे जात. तो ती टबात भिजवी, यंत्रात त्यांचा लगदा करी आणि त्यातून ग्रंथालयाचीच कार्डं बनवी. ही सुंदर कल्पनाही लेम्पीचीच होती.

“बंद करा! ऑर्विल, बंद करा ते!”

ऑर्विलने बटण दाबलं. “काय गं, कोण पडलं आत?”

“कालचा गठ्ठा. मी दिलेला. कुठाय?”

“बराचसा टबात आहे, थोडा यंत्रात गेला. झकास रद्दी होती हां लेम्पे. अशी रोज देत जा.”

“त्यात पुठ्ठ्याची फुलं होती!”

“होती की. म्हटलं कुठल्या शाळेतल्या पोरांची असतील.” मग त्याने तिचं तोंड पाहिलं. “कोणाची होती?”

“डेल्फीनच्या आईची.”

बाह्या दुमडून त्याने टबात हात घातले. लेम्पीनेही घातले. पाणी सरोवराचंच, नोव्हेंबरचं. दोन मिनिटांत बोटांची जाणीव गेली. एक पान आलं. एक गुलाब आला, पाकळी दुमडलेला. प्रत्येक तुकडा ती दोन्ही तळव्यांवर उचलून लोकरीच्या कापडावर ठेवत होती. प्रत्येकाच्या मागे डेल्फीनच्या आईने काहीबाही लिहिलं होतं, ओजिब्वे भाषेत, लेम्पीला न कळणारं. अक्षरं मात्र जशीच्या तशी होती. शिसपेन्सिल पाण्याला दाद देत नाही.

अकरा वाजता लेम्पीने मोजलं. चाळीस. परत मोजलं. चाळीसच.

“कुठलं नाही?” ऑर्विलने विचारलं.

तिला मोजायच्या आधीच कळलं होतं. कळी. अंगठ्याएवढी, पिवळ्या खोक्यातून कापलेली, खालच्या दोन पानांसकट. पहिल्याच दिवशी डेल्फीनने तीच तळहातावर ठेवून दाखवली होती, कारण एवढं एकच मागे इंग्रजीत लिहिलेलं होतं: ‘माझ्या डेल्फीनचे पहिले बूट’. तान्ह्या डेल्फीनच्या बुटांवर आईने हीच कळी मण्यांत भरली होती.

ऑर्विलने यंत्रातला लगदा ओंजळीत घेतला, उजेडात धरला. करड्या लगद्यात इथेतिथे पिवळे कण होते. त्याने हळूच परत आत सोडला.

“फोन कर तिला,” तो म्हणाला. “आत्ता. ओलं आहे तोवर सांगून टाक.”

“उद्या ग्रंथालयाचं उद्घाटन आहे.”

“मग?”

“ती सगळंच घेऊन जाईल. आणि बरोबरच आहे तिचं. व्हर्ना म्हणत होती तसंच झालं ना! आमच्यासारख्या बाहेरच्यांच्या हातात दिलं की जातं. मी कोणत्या तोंडाने सांगू?”

“एकच आहे तुला,” ऑर्विल म्हणाला. “त्यानेच सांग.”

तिने सांगितलं नाही. ती दुपारी स्वयंपाकघरात गेली आणि सिरियलचं खोकं रिकामं करून आली. तिच्याकडे पातळ कागदावर उतरवलेली कळी होतीच. तिने ती नव्या पुठ्ठ्यावर ठेवली, गिरवली आणि कापली. तीस वर्षं कातडं आणि कागद कापणारा हात. रेघेवरून केसभर हलला नाही. मग पुठ्ठा जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवला. मग पेन्सिल घेतली. ‘माझ्या’ लिहिताना हात थांबला. हे तिलाही समजत होतं की पुठ्ठा कापणं वेगळं आणि एका मेलेल्या बाईच्या तोंडात शब्द घालणं वेगळं. तरी तिने पुढचं लिहिलं. भीती एकदा अंगात शिरली की ती माणसाला कामाला लावते, आणि काम चांगलं झालं की वाटतं आपण मार्ग काढला.

संध्याकाळी एकेचाळीस तुकडे पुन्हा फळ्यांखाली गेले. या वेळी मधल्या कागदांवर तिने लाल खडूने मोठ्ठं ‘रद्दी नव्हे’ लिहिलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

डेल्फीन दुसऱ्या दिवशी दोनला यायची होती, ती दहालाच आली. एका हातात जंगली तांदळाच्या सूपचं झाकणबंद भांडं, दुसऱ्या हातात गाडीच्या किल्ल्या.

“तुमच्या लोकांना नुसत्या केकवर पाहुण्यांची बोळवण करायची खोड आहे,” ती म्हणाली. “गरम कर हे. आणि डबा दे, गर्दी व्हायच्या आत बघून घेते.”

लेम्पीने सूप ठेवलं, डबा दिला आणि उगाचच खिडकीची काच पुसायला घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं होतं. डेल्फीनने खुर्ची ओढली तरी तिला दचकायला होत होतं.

डेल्फीन एकेक तुकडा टेबलावर मांडू लागली. मोजत नव्हती. पत्ते लावावेत तशी त्यांच्या जागा तिला ठाऊक होत्या.

“यांना पाणी लागलंय.”

“हवा... धुकं फार होतं या आठवड्यात,” लेम्पी काचेला म्हणाली.

“असेल.”

गुलाब झाले, पानं झाली. शेवटी कळी. डेल्फीनने ती उचलली, मागे वळवून वाचली, पुन्हा सरळ केली. भीतीबरोबरच लेम्पीच्या मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटावी असा, कारागिराचा अभिमानही होता. जमलंय. खरंच जमलंय.

डेल्फीनने कळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग शेजारच्या पानाच्या कडेवरून. मग पुन्हा कळीच्या.

“माझी आई डावरी होती,” ती म्हणाली. “कात्री मात्र उजव्या हाताची, दुकानात तीच मिळायची. म्हणून तिच्या सगळ्या कडा मागे दुमडतात. बघ, हात लाव.” तिने कळी पुढे केली. “ही पुढे दुमडलीय. आणि चहाचा वास येतोय हिला.”

लेम्पी काच पुसायची थांबली. आता काही उरलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं; फळ्या, रद्दी, टब, यंत्र, चाळीस, खोकं, चहा, पेन्सिल. सांगताना ती रडली नाही, कारण रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं. “कळी गेली, डेल्फीन. मी घालवली. आणि मग मी तुला फसवत होते.”

डेल्फीनने कळी टेबलावर ठेवली. खाली ऑर्विलने शेडचं दार उघडल्याचा आवाज आला.

“यांच्या मागे काय लिहिलंय, विचारलंस का कधी?”

“नाही.”

“महिनाभर होते तुझ्याकडे. ग्रंथालय काढलंस ना तू?” तिने एक पान उलटं केलं आणि बोट ठेवून वाचलं. “‘व्हर्नाने शेगडीवर ठेवलं. जळलं. परत कापलं.’” दुसरं उलटं केलं. “‘पुरात गेलं. आठवून कापलं, थोडं मोठं झालं.’” तिसरं. “‘कुत्र्याने खाल्लं. कुत्रा बरा आहे.’”

लेम्पीला हसू आलं. डेल्फीन हसत नव्हती.

“यातलं अर्धं तरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कापलेलं आहे. पुठ्ठाच तो, जाणारच. गेलं की आई नवं कापायची आणि कसं गेलं ते मागे लिहायची. आजीनेही तिला तेच शिकवलं होतं, आणि आजीला तिच्या आईने. म्हणजे पुढच्याला कळतं, हा आकार कोणाकोणाच्या हातातून आला. कळी गेल्याचं वाईट वाटतंय मला. खूप वाटतंय, उगाच नाही कशाला म्हणू? पण तू कालच फोन केला असतास ना, तर मीच म्हटलं असतं, काप बाई दुसरी. तू कापलीसही छान. आणि मग तिच्या नावावर खोटं लिहिलंस. आमच्या डब्यात आजवर जळकं आलं, कुत्र्याने चावलेलं आलं. खोटं नव्हतं आलं.”

लेम्पीला वाटलं, यापेक्षा तिने भांडं फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

डेल्फीनने टेबलावरचं खोडरबर सरकवलं. “आईच्या नावावरचं खोड.”

लेम्पीने खोडलं. ‘माझ्या डेल्फीनचे पहिले बूट’ हळूहळू पुसट झालं आणि मग नाहीसं झालं. तिने रबराचा चुरा फुंकला नाही, तळहातात गोळा केला.

“आता लिही.”

“काय लिहू?”

“जे झालं ते.”

लेम्पीने लिहिलं: ‘लेम्पी कोस्कीने रद्दीत टाकली. लगदा झाला. तिनेच परत कापली.’ पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि उरलेल्या एवढ्याशा जागेत, देठाच्या टोकापर्यंत, बारीक अक्षरात लिहिलं: ‘आधी लपवलं.’

डेल्फीनने वाचलं. कळी तिने डब्यात टाकली, बाकीचे चाळीस तिच्यावर रचले, झाकण दाबून बसवलं.

“उतरवलेले कागद?” लेम्पीने विचारलं. “तेही नेणार असशील.”

“ठेव. पण शेल्फावर नाही लावायचे अजून. एकाच बाजूचे आहेत ते.” डबा काखेत मारून ती उठली. “मंगळवारी घरी ये, कागद घेऊन. मागचं सांगते, तू लिहून घे. दिवसभर लागेल.”

लेम्पीचा श्वास कालपासून पहिल्यांदा पुरता आत गेला. “येईन. नक्की येईन. किती वाजता...”

“व्हर्ना असेल घरी,” दाराशी थांबून डेल्फीन म्हणाली. “मी तिला यातलं काही सांगणार नाही. डबा तिच्यापुढे ठेवीन. कळीची मागची बाजू तिला तू वाचून दाखवायची.”