रांगेच्या बाजूने

बेबीने आपली बॅग खांबाच्या डावीकडे ओढली, नेमकी त्याच वेळी ताईने आपली उजवीकडे घेतली, आणि एकमेकींना टाळायला निघालेल्या दोघी बहिणी पुन्हा समोरासमोर आल्या. मधोमध मरून कोट घातलेली एक तरुणी फलक धरून उभी होती. फलकावर दोघींची सासरची आडनावं एकाखाली एक लिहिली होती. ताईचं वर होतं. बेबीने तेही बघून ठेवलं.

"आपण दोघी सोबतच ना, मॅडम?" तरुणीने विचारलं.

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

अकरा वर्षांत त्यांनी मिळून उच्चारलेला हा पहिलाच शब्द होता.

तरुणीने हातातला कागद पुन्हा वाचला. नोंदणी एकच होती. प्रवासी दोन, सहायक एक. तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, नम्रपणे हसली आणि चालायला लागली. नोकरीतला तिचा दुसराच आठवडा होता, आणि प्रवाशांच्या घरगुती भानगडीत पडू नये एवढं तिला शिकवलेलं असावं.

हा सगळा उद्योग दादाचा होता. परदेशात राहणाऱ्या या थोरल्या भावाला पंच्याहत्तर पूर्ण होत होती. त्याने दोघींना तिकिटं पाठवली आणि फोनवर प्रत्येकीला, दुसरी पुढच्या आठवड्यात येणार आहे, असं बिनदिक्कत सांगितलं. वर विमानतळावरची ती पैसे भरून मिळणारी खास सेवाही घेतली. माणूस दारात घ्यायला येतो, रांगा चुकवून आत नेतो, थेट विमानापर्यंत सोडतो. तुमची वयं झाली आता, तासन्‌तास उभं राहायचं काय अडलंय, असं तो म्हणाला होता. चौसष्ट वर्षांच्या बेबीला ते लागलं. तीस वर्षं तिने इस्पितळाच्या वॉर्डात उभ्यानेच काढली होती, आणि पायांची तिची तक्रार नव्हती. ताई एकोणसत्तरची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. खास सेवा म्हणजे बसायला बरी खुर्ची मिळत असेल, अशी तिची समजूत होती.

खुर्ची वगैरे काही नव्हतं. सामान देण्याच्या काउंटरवर काम चुटकीसरशी झालं. तिथे बेबीने हळूच आपली जागा बदलून पार मागची मागून घेतली. मग तरुणीने त्यांना पासपोर्ट तपासणीच्या दालनात आणलं, आणि दारातच ताईचे पाय थबकले.

रांग पट्ट्यांच्या कठड्यांमधून सात-आठ वळसे घेऊन दारापर्यंत आली होती. कोणी बॅगेवर बसलं होतं, कोणी भिंतीला टेकून डुलक्या काढत होतं. एक लेकरू जमिनीवर आडवं पडून छताकडे बघत होतं. तरुणीने बाजूचा एक पट्टा खुंटीवरून काढला आणि हात पुढे केला.

"या, मॅडम."

"यांच्या आधी?" ताईने विचारलं.

"हो. तेच तर आहे ना."

पस्तीस वर्षं ताई हातात फूटपट्टी घेऊन मुलींच्या रांगांच्या बाजूने चालत आली होती. मध्ये घुसलेली मुलगी तिला पाठमोरी ओळखू यायची. एकदा संस्थेच्या अध्यक्षांच्या नातीला तिने कोपराला धरून शेवटी नेऊन उभं केलं होतं, आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांनी दोन शब्द सुनावले तरी ती हटली नव्हती. आता ती त्या पट्ट्यातून आत शिरली तेव्हा तिने मान खाली घातली आणि पदर उगाचच डोक्यावर ओढून घेतला. बेबी तिच्यामागून ताठ चालली होती. नजरा तिलाही टोचत होत्या, पण ताई कानकोंडी झालेली बघायला मिळते आहे म्हटल्यावर तेवढं सोसायला तिची हरकत नव्हती.

अर्ध्या वाटेवर रांगेतली एक बाई, कडेवर झोपलेलं मूल सावरत, कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली, "काही लोकांना पायच नसतात वाटतं."

पुढच्याच पावलाला ताई लंगडायला लागली.

आधी थोडंसंच. मग रांगेतल्या आणखी दोघांनी वळून पाहिलं तसं जरा जास्त. बेबीची नजर सवयीने तिकडे गेली. उजवा पाय, बहुतेक गुडघा, जिना चढताना त्रास होत असणार, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि कोणी औषध दिलं असेल का, हेही. मग तिने ते विचार झटकून टाकले. पासपोर्टवर शिक्का बसला, सामानाची क्ष-किरण तपासणी झाली, तिथेही त्यांना बाजूच्या दाराने आत घेतलं. ताई ट्रेमधून चपला काढून पायात घालत होती तेव्हा समोरच्या लांबलचक रांगेने तिच्याकडे पाहिलं, आणि ती लंगडत पुढे निघाली. या वेळी डाव्या पायाने.

बेबी खाली वाकली. बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी ती बराच वेळ बांधत राहिली. मान वर केली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

एवढ्यावर ते मिटलं असतं, पण मरून कोटातली तरुणी कामाला पक्की होती. मॅडमना चालवत नाही हे तिने टिपलं, वॉकीटॉकीवर काहीतरी कळवलं, आणि दोन मिनिटांत एक प्रौढ हमाल व्हीलचेअर ढकलत हजर झाला. मला नको, असं ताई म्हणाली. पण म्हणताना तिने रांगेकडे पाहिलं. रांग अजून बघत होती. एवढ्या लोकांदेखत आता सरळ चालणं कसं शक्य होतं? ती खुर्चीत बसली, आणि बसताना हलकेच कण्हलीसुद्धा.

मग सगळंच सोपं झालं. लोक आपण होऊन बाजूला होऊ लागले. कडेवर मूल घेतलेली ती बाई तपासणीतून बाहेर पडून शेजारून जाऊ लागली, तेव्हा तिचा चेहरा पडला. आजी, मघाशी मी उगाच बोलले, असं ती पुटपुटली. ताईने मोठ्या मनाने हात हलवला. बेबी चार पावलं मागून हे सगळं बघत होती. अकरा वर्षांचा अबोला नसता तर तिने भर विमानतळावर ताईला काय सुनावलं असतं, ते शब्द तिने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले.

गेटवर टाय लावलेला एक अधिकारी होता. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग संगणकाकडे. व्हीलचेअरची आगाऊ नोंद नव्हती. म्हणजे दुखणं आजचंच. प्रवास नऊ तासांचा. अशा वेळी वैद्यकीय कक्षाची चिठ्ठी लागते, असं त्याने सांगितलं, आणि ते सांगताना त्याच्या आवाजात कुठेही फट नव्हती. तरुणीने आपल्या सेवेचं ओळखपत्र पुढे केलं. ते इथे चालत नाही, तो म्हणाला. विमान सुटायला दीड तास होता.

वैद्यकीय कक्ष इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि ताईच्या आधी तिघं जण. एकाचा कान दुखत होता, एकीने बोटाला रुमाल गुंडाळला होता, तिसरा नुसताच घाबरलेला होता. आजाऱ्यांमध्ये पुढे-मागे करता येत नाही, असं परिचारिकेने सांगितलं. तरुणी विमान कंपनीला कळवायला बाहेर गेली. उरलेली एकच खुर्ची ताईच्या व्हीलचेअरला लागून होती. बेबी आधी भिंतीशी उभी राहिली. मग बसली.

वीस मिनिटं दोघी समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत राहिल्या.

शेवटच्या आजारात आई बेबीकडे होती. काळजीचं काही नाही, परीक्षेचे पेपर तपासून झाले की सावकाश ये, असं बेबीने ताईला फोनवर सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. चौथ्या दिवशी पहाटे आई गेली. ताई पोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. दारातच, घरभर माणसं असताना, ती म्हणाली होती, "इतकी वर्षं नर्स आहेस, आणि घरातलं माणूस जातंय हे तुला कळलं नाही?" बेबीने उत्तर दिलं नव्हतं. पुढे कशाचंच दिलं नाही. तिच्या हातून बरे होऊन गेलेले लोक रस्त्यात थांबून तिची चौकशी करायचे, आणि प्रत्येक वेळी तिला ते दार आठवायचं.

डॉक्टर तरुण होता आणि फार काळजीपूर्वक काम करणारा होता. कोणता पाय, असं त्याने विचारलं. ताईने डावा पुढे केला. सहायक मुलीने लिहून दिलेल्या कागदावर उजवा होता. डॉक्टरने भुवया आवळल्या, दोन्ही पाय दाबून पाहिले, हातोडीने गुडघे ठोकले, डोळ्यांत बॅटरी मारली. एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलेलं दुखणं त्याला साधं वाटत नव्हतं. मेंदूकडचं काही असू शकतं, तो म्हणाला. आज थांबा, देखरेखीखाली ठेवू, उद्या-परवाच्या विमानाचं बघता येईल.

कॉपी करताना पकडलेल्या कितीतरी मुली ताईने आयुष्यात पाहिल्या होत्या, आणि आता अगदी तसाच चेहरा करून ती बसली होती. दाराबाहेर कुठेतरी त्यांच्या विमानाची घोषणा झाली.

बेबी उठली.

"तिला काही झालेलं नाही," ती डॉक्टरला म्हणाली. "लाज वाटली म्हणून लंगडत होती."

"म्हणजे?"

"रांग सोडून आम्हाला पुढे नेलं ना, त्याची लाज. ती पहिल्यापासून अशीच आहे."

डॉक्टरने चष्मा वर केला. आपण कोण, असं त्याने विचारलं.

"बहीण," बेबी म्हणाली. जरा थांबून तिने पुढे जोडलं, "तीस वर्षं वॉर्डात होते. सकाळपासून मी तिच्या मागे चालतेय. लोक बघतात तेव्हाच पाय दुखतो. मघाशी बाथरूमला गेली तेव्हा तिथे कोणी नव्हतं, खुर्ची दारात ठेवून ताडताड चालत गेली."

डॉक्टर ताईकडे वळला. पेशंटच्या वतीने दुसऱ्या कोणी सांगितलेलं मला लिहिता येत नाही, त्यांचं खरं आहे का, असं त्याने विचारलं.

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. ती भिंतीवरच्या हृदयाकडे बघत बोलली.

"ती सांगते तेच लिहा. तिला कळतं."

बेबीने खांद्यावरच्या पर्सची चेन उघडली आणि आत बघितलं. आतून काहीच काढायचं नव्हतं. तिने चेन परत लावली.

गेटपर्यंत त्या पळत गेल्या. पुढे ताई, दोन्ही पायांवर धडधाकट, मागे बेबी, आणि सगळ्यांत मागे रिकामी व्हीलचेअर ढकलत, धापा टाकत मरून कोट. दार बंद व्हायला तीन मिनिटं होती. विमानात त्या शिरल्या तेव्हा सगळी रांग आधीच आत येऊन, सामान वर ठेवून, चपला काढून बसली होती. मूल घेतलेल्या बाईने ताईच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"उतरलं दुखणं," ताई तिला म्हणाली आणि पुढे सरकली.

बेबी एकटीच मागे गेली. तिने पट्टा बांधला, डोळे मिटले. विमान वर चढून सरळ झालं, पट्ट्यांचे दिवे विझले, तेव्हा कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं तिला वाटलं. ताई होती. बेबीच्या शेजारी सूट घातलेले एक वजनदार गृहस्थ मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. ताईने त्यांना आपली पुढची जागा सांगितली आणि तिथे जाऊन बसायला सांगितलं. विनंतीसारखं त्यात काही नव्हतं. गृहस्थ लॅपटॉप छातीशी धरून वर्गातल्या मुलासारखे उठले.

ताई बसली. बराच वेळ पट्ट्याशी झटापट करत राहिली.

"पेपर आधीच तपासून झाले होते," ती म्हणाली.

कुठले पेपर, ते बेबीला पटकन कळलं नाही.

"तू फोन केलास त्याच दिवशी संध्याकाळी झाले. मी रजेचा अर्ज घेऊन गेले तर माझ्याआधी दोघींचे अर्ज होते. एकीच्या घरी लग्न होतं, दुसरीला नवीन घरात जायचं होतं. एका वेळी एकीलाच सोडायचे." तिने पट्टा सोडून दिला. "आई आजारी आहे म्हटलं असतं तर मला आधी मिळाली असती."

"मग म्हणाली का नाहीस?"

"नंबर त्यांचा होता."

बेबीने हात पुढे केला, ताईच्या पट्ट्याची दोन टोकं घेतली आणि खटकन जोडली. पेशंटला बांधतात तसा ओढून नीट बसवला.

पुढच्या बाजूने हवाई सुंदरी पाण्याची गाडी घेऊन एकेक ओळ करत येत होती. अजून पंधरा-वीस ओळी बाकी होत्या. बेबीने हात उंच केला आणि वॉर्डात मारायची तशी हाक मारली.

"इकडे आधी द्या. आमच्या ताईला."

मधल्या ओळींतली डोकी वळली. हवाई सुंदरी क्षणभर घुटमळली, मग ग्लास भरून, सगळ्यांना ओलांडून मागे आली.

ताईने ग्लास घेतला आणि कोणाकडेही न बघता पाणी प्यायली, सगळं.