सोवळीतलं वायफाय

पंचवटीतल्या विश्वेशगुरुजींच्या घरी संगणक एक आणि त्यात बिऱ्हाडं तीन, असं त्यांची बायको यशश्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मुलगा गौरांग नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा जुना संगणक मागे ठेवून गेला आणि जाता जाता बापाला लिनक्सचा नाद लावून गेला. दुसरा कुणी संगणक चालवणारी एक प्रणाली बसवून गप्प राहिला असता. गुरुजींनी आधी दोन बसवल्या, मग तीन. सगळ्या फुकट, सगळ्यांचा कोड उघडा, कुणीही वाचून बघावा. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर त्यांची लांबलचक इंग्रजी नावं एकाखाली एक यायची आणि आज कुणाकडे जायचं ते बाणाचं बटण दाबून ठरवायचं.

घरात त्यांना त्या नावांनी कुणीच ओळखत नसे. एक होती पाहुणी, कारण ती सारखी बदलायची. दुसरी सोवळी. तिच्यात झाकलेली, गुप्त अशी एक ओळसुद्धा गुरुजी शिरू देत नसत. आता या संगणकाच्या वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, कंपनीने झाकून ठेवलेला, त्यामुळे सोवळीत इंटरनेट नाही. पण म्हणून काय झालं? गुरुजी तिच्यात संध्येच्या पोथ्या टाइप करायचे आणि कृतार्थ व्हायचे. तिसरी ओवळी. तिच्यात सगळं चालायचं, म्हणून घरातली सगळी कामंही तिच्यावरच पडायची. यशश्रीचं आणि तिचं चांगलं जमायचं, त्यात नवल नव्हतं.

यशश्री संस्कृतची एम.ए. गुरुजी घरीच भरवत त्या पाठशाळेतल्या मुलांचा उच्चार अडला की ती हळूच स्वयंपाकघराच्या दाराशी यायची. लग्नानंतर पदवीचा उपयोग तेवढाच. या वर्षी मात्र तिने कुणाला न विचारता एका संस्थेकडे अर्ज धाडला. परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवायचं होतं. मंगळवारी सकाळी नऊला मुलाखत. पडद्यावर फळा उघडून शिकवून दाखवायचं, फोनवरून चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. उभ्या आयुष्यातली ही तिची पहिली मुलाखत. आठ दिवस तिला अन्न गोड लागत नव्हतं, पण तोंडाने म्हणायची, "झाली तर झाली."

मंगळवारी तिने ठेवणीतली इरकल नेसून संगणक सुरू केला आणि सवयीने दोनदा खालचा बाण दाबला. उघडली सोवळी! गुरुजींनी आदल्या संध्याकाळी गुपचूप चौथी प्रणाली बसवली होती आणि ती सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली होती. यशश्रीने चडफडत संगणक पुन्हा सुरू केला, नीट वाचून ओवळी निवडली. ओवळीने पांढरी अक्षरं भसाभसा ओकली आणि काळाठिक्कर पडदा दाखवून ती थांबली. चौथीला जागा करायला गुरुजींनी तिच्यातलीच थोडी कापली होती, आणि ते काम अर्धवट राहिलं होतं.

"अहो!" यशश्री देवघराच्या दाराशी धावली. "काय करून ठेवलंत हे? माझी मुलाखत आहे!"

गुरुजी कद नेसून पूजेला बसले होते. पूजा आटपेपर्यंत कुणी शिवायचं नाही आणि मंत्राखेरीज तोंडातून शब्द नाही. हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. एकदा उंबऱ्यावर विंचू निघाला, तेव्हा त्यांनी घंटा बडवून घर गोळा केलं, पण तोंड उघडलं नाही. आताही त्यांनी नुसता हात वर केला, म्हणजे थांब.

"किती थांबू? लोकं वाट बघतायत तिकडे!"

गुरुजींनी बाळकृष्णाला ताम्हनात ठेवलं होतं. अभिषेक जेमतेम सुरू झालेला. यशश्री परत गेली आणि त्या काळ्या पडद्यासमोर बसली. तिला रडू आलं. स्वतःचाच राग आला. कशाला मांडला हा खटाटोप, पोळ्या लाटत बसले असते तर कुणाचं काय अडलं होतं, असं तिच्या मनात आलं. पदराने डोळे पुसताना ओलं काजळ गालावर आलं.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. "सरक."

गुरुजी उभे होते. कदाला पाणी लागलेलं, कपाळावर गंध अर्धंच. पूजा सोडून आले होते आणि बोलले होते! त्यांनी ओवळीचा पडदा एकदा पाहिला, मान हलवली, संगणक पुन्हा सुरू केला आणि सोवळी उघडली. मग खणातला पेनड्राइव्ह काढला. त्यात तो झाकलेला ड्रायव्हर कधीचा पडून होता. क्षणभर त्यांचं बोट अडलं. मग त्यांनी बटण दाबलं आणि सोवळीत वायफाय आलं.

पडद्यावर संस्थेच्या लताबाई दिसल्या तेव्हा गुरुजी उघड्या अंगाने मागून पळत होते. "हे कोण?" लताबाईंनी विचारलं.

"आमचे संगणकवाले," यशश्री म्हणाली, आणि तिची भीती तिथेच पळाली. मग फळ्यावर तिने विसर्गाचा उच्चार असा काही शिकवला, की लताबाई स्वतःच आरशात बघावं तसं तोंड करून म्हणून बघू लागल्या. सोमवारपासून वर्ग घ्या, म्हणाल्या.

ती धावत सांगायला गेली तर न्हाणीघरात पाण्याचा आवाज. गुरुजी पुन्हा अंघोळ करून, दुसरा कद नेसून पहिल्यापासून पूजेला बसले. या खेपेला बोलले नाहीत. यशश्रीने दारातूनच दोन्ही हात वर करून सांगितलं, नोकरी मिळाली. त्यांनी घंटा वाजवली, जरा जास्तच जोरात.

संध्याकाळी गौरांगचा फोन आला. सगळी हकिकत ऐकून तो खोखो हसला. "बाबा, आईचा मोबाइल केबलने जोडला असता तरी सोवळीत नेट चालू झालं असतं! ड्रायव्हर घालायची गरजच नव्हती. तुम्हीच तर मला हे मागे शिकवलंत!"

यशश्रीने डोळे बारीक करून गुरुजींकडे पाहिलं. "माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मग?"

"तू रडत होतीस," गुरुजी म्हणाले. "सुचलं नाही."

यशश्री म्हणाली, "काढून टाका मग आता तो. तुमची सोवळी बाटली."

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "सोमवारी लागेल तुला."

मग घसा खाकरून, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पोथ्यांसाठी एक पाचवी बसवू का?"